स्लो कुकरमध्ये हॉपिन जॉन: चवळी अख्खी आणि भात मोकळा कसा ठेवायचा?

नीरजा_ग

अमेरिकेच्या दक्षिणेत १ जानेवारीला करतात तो चवळी-भात, म्हणजे हॉपिन जॉन, स्लो कुकरमध्ये (तासन् तास मंद उष्णतेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) करायचा आहे. कुकर सहा क्वार्टचा, लो, हाय आणि वॉर्म अशी तीन सेटिंग्ज. जेवायला आठ-दहा जण, दुपारी एक वाजता.

हाताशी असलेली कृती अशी: १ पौंड (४५० ग्रॅम) सुकी चवळी रात्रभर भिजवायची, मग चवळी, एक स्मोक्ड हॅम हॉक (डुकराच्या पायाचा धुरावलेला घोट्याजवळचा तुकडा), कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, टोमॅटोचा एक डबा, दोन कप तांदूळ आणि आठ कप पाणी सगळं एकदम घालून लोवर सहा तास. या पद्धतीने भाताचा गिचका होतो, बरीच चवळी फुटते तरी मधूनच कच्चट दाणे लागतात, आणि हॉकचं मांस हाडाला चिकटूनच राहतं.

विचारायचं आहे ते असं:

तांदूळ कधी घालायचा आणि किती रसाला किती?
टोमॅटोमुळे चवळी शिजत नाही हे खरं का?
राजमा स्लो कुकरमध्ये घालण्याआधी उकळावाच लागतो. चवळीलाही तो नियम आहे का?
एकला पान वाढायचं तर सुरुवात किती वाजता करावी?

---

बल्लव

मूळ अडचण सगळं एकदम घालण्यात आहे. स्मोक्ड हॉक लोवर सात-आठ तास मागतो. भिजवलेली चवळी लोवर पाच-सहा तासांत होते. तांदळाला गरम रसात पाऊण तास पुष्कळ झाला. तिघांना सहा तास दिले की हॉक कमी शिजतो, चवळी काठावर असते आणि तांदळाची पेज होते. कुकर कितीही चांगला असला तरी हे गणित बदलत नाही.

जुन्या कृतीतही सगळं टप्प्याटप्प्यानेच आहे. सेरा रटलेज यांच्या १८४७ च्या 'द कॅरोलिना हाउसवाइफ'मध्ये या पदार्थाची छापील कृती आहे: एक पौंड बेकन, एक पाइंट लाल चवळी, एक पाइंट तांदूळ. आधी चवळी चढवायची, ती अर्धी शिजली की बेकन, चवळी पुरती शिजली की धुतलेला तांदूळ, आणि शेवटी भांडं निखाऱ्यावर ठेवून वाफ मुरू द्यायची. त्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, चवळी आणि तांदूळ मापाने समान. दोन, तांदूळ चवळीच्याच रसात शिजतो. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनारपट्टीवर, गला-गीची लोकांच्या (तिथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांच्या) स्वयंपाकात या पदार्थाचा जीव त्या रसातच आहे. वेगळ्या साध्या भातावर चवळीची उसळ वाढली तर पोट भरेल, पण तो हॉपिन जॉन होत नाही.

आठ-दहा जणांसाठी, सहा क्वार्टच्या कुकरला माप:

चवळी ४५० ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच कप.
लांब दाण्याचा तांदूळ अडीच कप.
स्मोक्ड हॅम हॉक एक मोठा किंवा दोन लहान, मिळून ७०० ते ८०० ग्रॅम.
पाणी ८ कप (१.९ लिटर).
मोठे कांदे २, सेलरीचे दांडे ३, हिरवी ढोबळी मिरची १, लसूण ५ पाकळ्या.
बे लीफ २, सुकं थाइम १ टीस्पून, केयेन (तिखट लाल मिरचीची पूड) पाव टीस्पून, मिरपूड १ टीस्पून.

बे लीफ म्हणजे एकच मधली शीर असलेलं पान. आपल्या तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा असतात आणि त्याचा वास दालचिनीकडे झुकतो. इथे तो नको.

आदल्या रात्री १०: चवळी निवडून २ लिटर पाण्यात दीड टेबलस्पून मीठ विरघळवून भिजत घाला. मिठाच्या पाण्याने साल मऊ होते आणि दाणा फुटण्याचं प्रमाण बरंच घटतं. मिठामुळे कडधान्य शिजत नाही हा समज चुकीचा आहे. स्वयंपाकघर गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, आणि बारा तासांच्या पुढे भिजवू नका.

त्याच वेळी कुकरमध्ये हॉक, ८ कप पाणी, अर्धा कांदा, बे लीफ घालून लोवर ठेवा. हॉक पूर्ण वितळलेला हवा, गोठलेला कधीही टाकू नका: कुकर मुळातच सावकाश तापतो, त्यात बर्फासारखं मांस घातलं की सगळं भांडं तासन् तास ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये, म्हणजे नेमकं जिवाणू वाढतात त्या तापमानात घुटमळतं.

सकाळी ८: हॉक बाहेर काढा, थोडा निवला की मांस सोडवून बारीक करा. हाड, जाड कातडी, कांदा काढून टाका. वरची चरबी पळीने काढून दोन-तीन टेबलस्पून बाजूला ठेवा. रसाची चव बघा. हॉक फारच कमी-जास्त खारट असतात, त्यामुळे पुढचं मीठ या चवीवर ठरतं.

त्या चरबीत कढईत उरलेला कांदा, सेलरी, ढोबळी मिरची मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परता. कडा सोनेरी झाल्या की लसूण, थाइम, केयेन, मिरपूड घालून अर्धं मिनिट. ही पायरी गाळू नका. स्लो कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही, म्हणून कच्चा कांदा त्यात उकडतो पण खमंग होत नाही, आणि सगळ्या रसाला कच्चट उग्र वास राहतो.

सकाळी ८:३०: चवळी निथळून, धुऊन गरम रसात घाला, परतलेल्या भाज्या घाला. रस चवळीच्या वर बोटाचं दीड पेर असावा. कमी असेल तर उकळतं पाणी घाला, गार नको. झाकण लावून हाय. रस आधीच गरम असल्यामुळे सव्वादोन ते अडीच तासांत चवळी होते. पहिली तपासणी पावणेदोन तासांनी, त्याआधी झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात.

तपासताना एक दाणा चाखून ठरवू नका. कडेचा, मधला आणि तळचा असे पाच-सहा दाणे घ्या. चिमटीत दाबला की सहज चेपला पाहिजे, साल जागेवर पाहिजे, मध्ये पिठूळ पांढरा ठिपका नको. असं झालं की मांस घालून कुकर वॉर्मवर. रसात बुडालेली चवळी वॉर्मवर दीड-दोन तास बिघडत नाही.

दुपारी १२: कुकरमधून पावणेचार कप रस गाळून घ्या. मीठ चाखा, नुसता प्यायला किंचित खारट लागेल इतका हवा, कारण तांदूळ मीठ ओढून घेतो. जाड बुडाच्या पातेल्यात उकळी आणा, तीनदा धुतलेला तांदूळ घाला, एकदा ढवळा, पुन्हा उकळी आली की घट्ट झाकण, अगदी मंद आच, १७ मिनिटं. गॅस बंद, दहा मिनिटं न उघडता. मग काट्याने मोकळा करून झाऱ्याने चवळी आणि मांस त्यात हलक्या हाताने मिसळा. उरलेला रस वेगळ्या भांड्यात वाढा, ज्याला हवा त्याने वरून घ्यावा.

तांदूळ गॅसवर शिजवायचा म्हणजे नियम मोडला असं वाटू देऊ नका. रस तोच आहे.

---

उकडा_तांदूळ

बल्लव यांच्या पद्धतीला माझं अनुमोदन. तरी सगळं एकाच भांड्यात करायचं असेल, गॅसची शेगडी मोकळी नसेल, तर तांदूळ कुकरमध्येही नीट होतो. अट एकच: तांदूळ लांब दाण्याचा उकडा हवा. अमेरिकेत पाकिटावर 'पारबॉइल्ड' किंवा 'कन्व्हर्टेड' लिहिलेला असतो. भात तुसासकट असतानाच वाफवून वाळवलेला असल्यामुळे त्यातला स्टार्च एकदा फुलून पुन्हा घट्ट बसलेला असतो. म्हणून मंद उष्णतेत रेंगाळला तरी दाणा विरघळत नाही. साधा पांढरा तांदूळ कुकरमध्ये तापायला वेळ घेतो, तेवढ्यात पाणी पितो, बाहेरचा स्टार्च रसात सोडतो, आणि आतून शिजेपर्यंत बाहेरून चिकट झालेला असतो. गिचका होतो तो यामुळे.

दोन कप उकड्या तांदळाला साडेतीन कप रस. गॅसवर याच तांदळाला सव्वादोन पट पाणी लागतं, पण कुकरमध्ये आटतं फार कमी. त्यातून चवळीच्या अंगाला लागलेला रस असतोच.

रस डोळ्यांनी मोजायचा नाही, इथेच बहुतेकांचं फसतं. चवळी झाली की सगळा रस मोठ्या मापाच्या भांड्यात गाळून काढा. साडेतीन कप बाजूला करून गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये खळखळ उकळा. कुकरच्या भांड्याच्या कडांना तेलाचा हात फिरवा, कारण बहुतेक कुकरची तापणारी तार भांड्याभोवती कडेने असते आणि भात लागतो तो तिथेच. चवळी आणि तांदूळ एकत्र करा, वरून उकळता रस ओता, एकदा ढवळून सपाट करा. एकही दाणा रसाच्या वर उघडा दिसता कामा नये. झाकण, हाय, ४० मिनिटं हात लावायचा नाही.

मग एक दाणा वरचा, एक मधला. बहुधा अजून दहा-पंधरा मिनिटं लागतात. झाला की कुकर बंद करा, झाकणाखाली स्वच्छ कोरडा पंचा ताणून बसवा आणि दहा मिनिटं ठेवा. झाकणाचं पाणी भातात ठिबकत नाही, भात सुटा राहतो. पंचाची टोकं वर झाकणावर दुमडून घ्या, गरम बाजूंना लोंबू देऊ नका.

वरचा थर कच्चा राहिला तर पाव कप उकळता रस शिंपडून आणखी दहा मिनिटं. रस जास्त झाला असेल तर झाकण काढून आटवायच्या भानगडीत पडू नका: तेवढ्या वेळात भात मोडतो. सरळ झाऱ्याने वाढून घ्यावा.

एका वेळी दोन कपांपेक्षा जास्त तांदूळ कुकरमध्ये नको. थर जाड झाला की कडेचा मऊ आणि मधला कच्चा असा दुहेरी भात मिळतो. त्यामुळे दहा जणांसाठी गॅसच बरा.

बासमती यात घालू नये असं माझं ठाम मत आहे. दाणा नाजूक म्हणून ढवळताना तुटतो, आणि त्याचा सुगंध हॉकच्या धुराच्या वासाशी भांडतो. कॅरोलिना गोल्ड हा त्या किनारपट्टीचा जुना तांदूळ मिळाला तर तो कुकरमध्ये मुळीच नको, त्यातून स्टार्च खूप सुटतो. तो भरपूर खारट पाण्यात मोकळा उकळून, निथळून, ताटलीवर पसरून ओव्हनमध्ये ३०० अंश फॅरनहाइटला आठ-दहा मिनिटं सुकवतात, मग प्रत्येक दाणा वेगळा होतो. इथे साध्या पाण्याऐवजी निम्मा चवळीचा रस वापरावा म्हणजे चव जात नाही.

---

कोठीघर

चवळी आणि टोमॅटोबद्दल.

टोमॅटोचं खरं आहे. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर विरघळत नाही. गॅसवर खळखळ उकळताना हे थोडंफार खपून जातं, स्लो कुकरच्या मंद उष्णतेत खपत नाही. शिवाय डब्यातल्या टोमॅटोच्या फोडींमध्ये आकार टिकावा म्हणून पुष्कळदा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट करतं. टोमॅटो, व्हिनेगर, व्हिनेगरवाला हॉट सॉस, लिंबू हे सगळं चवळी पूर्ण मऊ झाल्यावरच. लोकंट्रीच्या, म्हणजे त्या किनारपट्टीच्या, जुन्या पद्धतीत टोमॅटो नसतोच. मी तो गाळेन आणि वाढताना हॉट सॉस देईन.

जड पाणीही हेच करतं. नळाच्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसत असेल तर भिजवायला आणि शिजवायला गाळलेलं पाणी घ्या. नाइलाज असेल तर भिजवण्याच्या पाण्यात पाव टीस्पून खायचा सोडा पुरतो. त्याहून जास्त घातला तर साल सुटून लगदा होतो आणि साबणासारखी चव येते. शिजवण्याच्या पाण्यात सोडा नको, त्याच रसात भात व्हायचा आहे.

फुटलेल्या चवळीत मधूनच कच्चे दाणे लागणं, याचं कारण बहुतेक वेळा जुना माल. उष्ण आणि दमट जागी दीर्घकाळ पडलेल्या कडधान्यात असा बदल होतो की ते पाणी पितं पण मऊ होत नाही. रात्रभर भिजवूनही जे दाणे फुगलेले नसतात, सुरकुती न पडता बारीक आणि टणक राहतात, ते गणंग. भिजवलेली चवळी परातीत पसरून ते वेचून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. मूठभर निघाले तर पूर्ण पाकीटच जुनं समजा आणि त्याला हायवर तासभर जास्त धरा. दोन पाकिटं मिसळायची असतील तर एकाच वेळी आणलेलीच मिसळा. नवं-जुनं एकत्र झालं की निम्मी फुटते तेव्हा निम्मी कच्ची असते.

राजम्याचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक प्रकारचं प्रथिन) भरपूर असतं. ते खऱ्या उकळीला नष्ट होतं, पण स्लो कुकरच्या कमी तापमानात अर्धवट शिजलेला राजमा पोटाला कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून राजमा भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात आधी खळखळ उकळायचाच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला ३० मिनिटांचा आहे. चवळी वेगळ्या प्रजातीतली आहे, तिच्यात हे लेक्टिन खूपच कमी. तिला हा नियम लागू नाही. तरी कुकर जुना असेल, नीट तापतो की नाही याची शंका असेल, तर चवळी गॅसवर दहा मिनिटं उकळून मग कुकरमध्ये घाला. नुकसान काहीच नाही, वरचा फेसही तिथेच काढता येतो.

एक सावधगिरी. १८४७ च्या कृतीतल्या लाल चवळीचं नाव इंग्रजी दुकानात 'रेड पीज' असं असतं, आणि त्यावरून काही जण लाल राजमा आणतात. लाल चवळी चवळीच्याच जातीची, आकाराने बारीक, राजमा नव्हे. लाल चवळीचा रस जास्त गडद आणि चवदार होतो, भाताला तांबूस रंग येतो. मिळाली तर नक्की वापरा, वेळ अर्धा तास जास्त धरा.

कुकर किती तापतो हे एकदाच तपासून ठेवा: निम्म्याच्या वर पाणी भरून लोवर आठ तास, झाकण उघडल्या उघडल्या थर्मामीटर बुडवा. ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. बरंच कमी असेल तर तो कुकर कडधान्य-मांसाला वापरू नये. ९३ च्या वर असेल तर वर दिलेल्या सगळ्या वेळा थोड्या आधी तपासा.

---

निवांत_चूल

बल्लव, एक वेगळं मत. रात्री एकदा आणि सकाळी एकदा असे दोन डाव ज्यांना नको आहेत त्यांनी चवळी भिजवूच नये. न भिजवलेल्या चवळीला लोवर सात ते आठ तास लागतात, हॉकलाही तेवढेच. दोघांची घड्याळं आपोआप जुळतात. ४५० ग्रॅम चवळी, हॉक, परतलेल्या भाज्या, ९ कप पाणी, लोवर आठ तास, मग मांस सोडवून रसात भात. रात्री पावणेअकराला लावलं की पावणेसातला वॉर्मवर जातं.

---

बल्लव

हो, चालतं. फक्त फुटण्याचं प्रमाण वाढतं, कारण कोरड्या दाण्याचं साल आधी ताणलं जातं आणि आतला भाग मागून फुगतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चवळीइतके अख्खे दाणे मिळणार नाहीत. गणंगही आधी वेचता येत नाहीत. रस मात्र दाट होतो. आणि वॉर्मवर सकाळी पावणेसातपासून दुपारी बारापर्यंत, म्हणजे सव्वापाच तास ठेवलं तर चवळी गळून जाईल. तुमच्या पद्धतीने करायचं असेल तर पहाटे चारला सुरू होईल असा टायमर लावण्याचा मोह होईल, तो टाळा: कच्चं मांस तोवर खोलीच्या तापमानात पडून राहतं. त्यापेक्षा संध्याकाळच्या जेवणाला ही पद्धत उत्तम, सकाळी साडेनऊला लावायची.

---

नीरजा_ग

खूपच सविस्तर, सगळ्यांचे आभार. टोमॅटो रद्द. आणखी दोन शंका: जेवणाऱ्यांमध्ये तिघं पूर्ण शाकाहारी आहेत आणि दोघं पोर्क खात नाहीत पण टर्की चालते. दोन वेगळे कुकर लावणं शक्य नाही. आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी कुकरमध्येच गरम केलं तर चालेल का?

---

फोडणीकर

एकच कुकर असेल तर अख्खा पदार्थ शाकाहारी करा आणि मांस वेगळं शिजवून वाढताना वर घाला. जुन्या कृतीतही वाढताना भात-चवळी खाली आणि बेकन वर अशीच मांडणी आहे, त्यामुळे परंपरेला धक्का लागत नाही.

हॉक काढला की तीन गोष्टी जातात: धुराचा वास, चरबी आणि दाटपणा. तिन्ही वेगवेगळ्या भरून काढाव्या लागतात. नुसती स्मोक्ड पॅप्रिका घालून भागत नाही, तेव्हा पाणचट लागतं ते चरबीच्या अभावी.

चरबीसाठी ४ टेबलस्पून तेल, कमी करू नका. त्यात कांदा-सेलरी-ढोबळी मिरची चांगली लालसर होईपर्यंत बारा-पंधरा मिनिटं परता, इथे हॉक नाही म्हणून खमंगपणा कांद्यातूनच यायचा आहे. गॅस बंद करून मग २ टीस्पून स्मोक्ड पॅप्रिका, तेलात अर्धं मिनिट फिरवा. चालू आचेवर ती चटकन जळते आणि पूर्ण कुकर कडू होतो. १५ ग्रॅम सुके शिटाके मशरूम ८ कप उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ते पाणी, तळचा गाळ सोडून, रस म्हणून वापरा. मशरूम चिरून चवळीबरोबर घाला. लिक्विड स्मोक (बाटलीत मिळणारा धुराचा अर्क) घालायचं तर अर्धा टीस्पून, आणि शेवटी. चवळी शिजल्यावर १ टेबलस्पून सोया सॉस. मीठ यात पूर्ण तुमच्या हातात आहे: रस साडेसात-आठ कप असेल तर अडीच टीस्पूनपासून सुरुवात करा, सोया सॉसनंतर चाखून वाढवा.

रात्रीचा हॉकचा टप्पा नाही, म्हणून सकाळी ८:३० ला उकळता रस आणि भिजवलेली चवळी हायवर, तेवढंच.

दाटपणासाठी एक कप शिजलेली चवळी पळीच्या पाठीने चेचून परत रसात घाला. पण भातासाठीचा रस काढून घेतल्यानंतर. आधी चेचली तर दाट रस पातेल्याच्या तळाला लागतो आणि भात वरून कच्चा, खालून करपलेला होतो.

वर घालायला: २५० ग्रॅम बेकन गार तव्यावर ठेवून मंद आचेवर कुरकुरीत. कच्चं बेकन कुकरमध्ये घालू नये, ते रबरासारखं लिबलिबीत होतं. टर्कीवाल्यांसाठी स्मोक्ड टर्कीचा एक पंखा वेगळ्या पातेल्यात जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात झाकून दीड तास, मांस सोडवून त्याच्याच दोन-तीन चमचे रसासह वाढा. टर्कीची मान वापरली तर बारीक हाडं नीट शोधून काढा, ती हमखास सुटतात. झारे वेगवेगळे ठेवा.

सोबतच्या कॉलर्ड ग्रीन्स (कोबीच्या जातीची पालेभाजी) कुकरमध्ये चवळीबरोबर घालू नका. भाजीचं पाणी सुटून रसाचं माप चुकतं आणि भात फसतो. त्यांना वेगळं पातेलं, बरोबर कॉर्नब्रेड.

---

कोठीघर

उरलेल्याबद्दल: स्लो कुकरमध्ये गरम नको. तो थंड अन्न तापवायला फार वेळ घेतो. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहू शकतात, आणि भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत सगळं उथळ भांड्यांत, दोन इंचांपेक्षा जाड थर न करता, फ्रिजमध्ये. कुकरचं जड भांडं तसंच फ्रिजमध्ये ठेवू नका: ते स्वतःच तासन् तास गरम राहतं, आणि एकदम गारठ्याने तडकूही शकतं.

दुसऱ्या दिवशीच्या या उरलेल्या पदार्थाला तिकडे स्किपिन जेनी म्हणतात. जाड तव्यावर थोडं तेल, भात पसरून, दोन-तीन चमचे राखलेला रस शिंपडून, झाकण ठेवून सगळीकडे वाफ येईपर्यंत. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस. मग झाकण काढून तीन-चार मिनिटं न हलवता ठेवलं की तळाला छान खरपूस थर धरतो. तीन-चार दिवसांत संपवा. भाताशिवाय नुसती चवळी रसासकट फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगली राहते, भात मात्र गोठवून वितळला की दाणा तुटतो, तो ताजाच करावा.

---

उकडा_तांदूळ

नीरजा, शाकाहारी रसात तांदूळ टाकताना एक टीस्पून लोणी किंवा तेल जास्त घाला. हॉकच्या रसात चरबी तरंगत असते, तिच्यामुळे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. शिटाकेच्या रसात ती जवळजवळ नसते. पावणेचार कप रस काढताना तो गाळणीतून काढा, मशरूमचा किंवा कांद्याचा तुकडा मापात आला तर तेवढा रस कमी पडतो आणि वरचे दाणे कच्चे राहतात.

चवळी डब्यातली वापरायची वेळ आलीच तर १५ औंसांचे चार डबे, निथळून धुऊन, फक्त शेवटचा अर्धा तास. त्या वेळी भाताला शिटाकेचाच रस घ्या, डब्यातलं पाणी चिकट आणि खारट असतं.

---

नीरजा_ग

शाकाहारी रस आणि वरून बेकन-टर्की हेच ठरवते. चवळीचं पाकीट आज भिजवून गणंग किती निघतात ते बघते, जास्त निघाले तर नवं आणायला वेळ आहे. लाल चवळी मिळाली तर निम्मी-निम्मी मिसळली तर चालेल का?

---

कोठीघर

निम्मी-निम्मी नको. लाल चवळीला अर्धा तास जास्त लागतो, तेवढ्यात पांढरी फुटेल. मिसळायचीच असेल तर लाल आधी रसात घालून हायवर अर्धा तास, मग पांढरी. मात्र तेव्हा झाकण एकदा जास्त उघडलं जातं, म्हणून पुढच्या वेळेत वीस मिनिटं वाढवा आणि सुरुवात ७:४० ला करा.